पलेसाचा पिवळा स्वेटर घेऊन ग्लासगोला

केंब्रिजहून ग्लासगोला जायचं तर शहाणी माणसं स्टॅनस्टेडहून स्वस्तातलं विमान पकडतात आणि तासाभरात पोचतात. आम्ही दोघी एका म्हाताऱ्या पांढऱ्या व्हॅनमधून दोन दिवस घालवून गेलो. व्हॅन माझी नव्हती, सामान माझं नव्हतं, आणि ज्या देवाच्या नावाने हे सामान चाललं होतं तोही माझ्या फारसा ओळखीचा नव्हता. रस्त्याने स्कॉटलंडला जायचा बेत करणाऱ्यांसाठी वाटेची, खाण्यापिण्याची माहिती मधूनमधून येईलच. पण हा लेख खरं तर एका स्वेटरबद्दल आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या शेजारी जोन राहते. पंचाहत्तरी ओलांडलेली, ताठ, आणि कुंपणावरून गप्पा मारताना हातातल्या विणायच्या सुया क्षणभरही न थांबवणारी. तिच्या चॅपलमधल्या बायका दक्षिण आफ्रिकेला लागून असलेल्या लेसोथो नावाच्या चिमुकल्या डोंगरी देशातल्या एका अनाथाश्रमासाठी स्वेटर विणतात. मंदारने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हणाला, "आफ्रिकेत स्वेटर? उद्या राजस्थानात छत्र्या पाठवतील." मलाही हसू आलं होतं. मग जोनने एक फोटो दाखवला. गुडघाभर बर्फात ओळीने उभी राहिलेली मुलं, आणि प्रत्येकाच्या अंगात वेगळ्या रंगाचा स्वेटर. तिथला हिवाळा जून-जुलैत असतो, म्हणून इथून माल एप्रिलमध्ये निघायला हवा. दरवर्षी सगळ्या ब्रिटनमधले स्वेटर ग्लासगोजवळच्या एका चर्चच्या हॉलमध्ये जमतात आणि तिथून कंटेनरने जहाजावर चढतात.

केंब्रिजचा वाटा जोनचा नवरा केन स्वतःच्या व्हॅनने पोचवायचा. दोन हजार सातच्या फेब्रुवारीत केन गेला. एप्रिलमध्ये मी त्यांच्या दारात उभी होते, आतल्या खोलीत गोण्या छतापर्यंत रचलेल्या दिसत होत्या, आणि जोन म्हणाली, "कुरिअरचा भाव ऐकून मला चक्कर आली."

"मी चालवते ना," मी म्हणाले. बोलून गेल्यावर विचार केला. मी त्याआधी आमच्या छोट्या निस्सानपलीकडे काही चालवलेलं नव्हतं.

"बाटवून आणतील तुला," मंदार म्हणाला.

"तू तरी कुठे मला देवळात नेतोस?" मी म्हटलं आणि तिखटमिठाच्या पुऱ्या लाटायला घेतल्या. मुकाट्याने त्यानेच फोन करून चार दिवसांचा इन्शुरन्स काढून दिला. दुसऱ्याची व्हॅन चालवणार असाल तर हे विसरू नका, आणि व्हॅनचं तोंड घराकडे असेल तर आदल्या दिवशीच वळवून ठेवा.

बुधवारी सकाळी निघालो. जोनने स्टिअरिंगवर हात ठेवून डोळे मिटले, ओठातल्या ओठात प्रार्थना केली आणि मग मला म्हणाली, "आता क्लच हळू सोड, त्याला घाई आवडत नाही." त्याला म्हणजे व्हॅनला. एक स्वेटर मात्र गोणीत नव्हता. तो तिच्या मांडीवर टिश्यू पेपरात होता, हळदीसारखा पिवळा. तो पलेसाचा.

इथे त्यांची पद्धत सांगायला हवी. प्रत्येक विणणारीच्या वाट्याला एक मूल असतं, आणि ते आश्रमातून बाहेर पडेपर्यंत तिचंच राहतं. दरवर्षी आश्रमातून प्रत्येक मुलाचं माप येतं, पण आकड्यांत नाही. इंच आणि सेंटिमीटरच्या घोळात एकदा एका वर्षी सगळी मुलं बुजगावण्यांसारखी दिसली होती म्हणे. तेव्हापासून लोकरीचा धागाच येतो. मुलाच्या छातीभोवती गुंडाळून कापलेला, आणि बाहीची लांबी दाखवायला त्याला एक गाठ मारलेली. धाग्याचा रंग मूल निवडतं आणि त्याच रंगाचा स्वेटर विणायचा. पलेसा नेहमी पिवळा निवडायची. तीन वर्षांची असताना ती जोनच्या वाट्याला आली, आता नऊ वर्षांची झाली होती. दोघी कधी भेटल्या नव्हत्या.

"धागे केनकडे असायचे," ए-वन रस्त्याला लागल्यावर जोन म्हणाली. "शेडमध्ये एका खिळ्याला सगळे टांगलेले. नवा आला की तो जुन्याच्या शेजारी धरायचा आणि ओरडायचा, दोन बोटं! दरवर्षी दोन बोटं वाढायची ती." मग तिने मांडीवरच्या टिश्यू पेपरची घडी नीट केली. "या वर्षी मी गोंधळ केला. केन हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा नवा धागा आला. मी तो कुठेतरी हरवला आणि विणायला बसले ती जुनाच घेऊन. खिळ्यावरचे शेवटचे दोन शेजारी धरले तर सारखेच लांब, म्हणजे नवा त्यात नाहीच, दोन्ही जुनेच असणार. मग नेहमीसारखं दोन बोटं जास्त धरून विणलं."

"बरोबरच केलंत की," मी म्हटलं.

"मे लिनेओला सांगावं लागेल पण. ती येणार आहे यंदा."

मे म्हणजे त्यांच्या भाषेत आई. तिकडे मोठ्या बाईला आदराने तसंच म्हणतात. मे लिनेओ त्या आश्रमाच्या प्रमुख. चर्चच्या आमंत्रणावरून त्या पहिल्यांदाच ब्रिटनला आल्या होत्या. जोनला त्यांना भेटायचं होतं, पण हातून धागा हरवल्याची कबुली द्यायची या विचाराने ती शाळेतल्या मुलीसारखी कावरीबावरी झाली होती.

रस्ता म्हणाल तर ए-वन कंटाळवाणा आहे. ट्रकमागून ट्रक, आणि दर थोड्या मैलांवर एक चौक. खरी मजा स्कॉच कॉर्नरला डावीकडे वळून ए-सिक्स्टीसिक्सला लागलात की सुरू होते. पेनाइन्सच्या उघड्याबोडक्या टेकड्या, दगडी कुंपणं, नुकती जन्मलेली कोकरं. वारा मात्र बेभरवशाचा. उंच व्हॅन असेल तर निघण्याआधी रेडिओवर ऐकून घ्या, कधीकधी हा रस्ता बंदच करतात. आमची व्हॅन एकदा अशी हलली की माझ्या तोंडून "गणपती बाप्पा" निघालं आणि शेजारून "ओ लॉर्ड". दोघी एकदमच हसलो. बाऊज गावापाशी गाडी कडेला लावून माझ्या पुऱ्या आणि तिची अंड्याची सँडविचेस खाल्ली. तिखट लागून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने दुसरी पुरी घेतली. मग रुमाल नाकाला लावून म्हणाली, "इथे आम्ही नेहमी थांबायचो." तेव्हा मला कळलं की सगळंच पाणी तिखटाचं नव्हतं.

पेनरिथला एका बी-अँड-बीमध्ये मुक्काम केला. माणशी अठ्ठावीस पाउंड, सकाळचा भरपेट नाश्ता धरून. शाकाहारी म्हणून आधी सांगितलंत तर मश्रूम, टोमॅटो आणि बटाट्याचं काहीतरी करून देतात. मालकीणबाईने "आणि मिस्टर केन?" असं विचारलं. जोनने उत्तर दिलं, तेही न अडखळता. मीच एका टोस्टला दोनदा लोणी लावलं.

गुरुवारी कार्लाइल ओलांडलं, सीमेवरची निळी पाटी आली आणि तिथून पुढचा मोटरवे इतका मोकळा आणि देखणा की मी पहिल्यांदा पाचव्या गिअरमध्ये निवांत झाले. दुपारी ग्लासगोच्या अलीकडच्या त्या गावात पोचलो. चर्चचा हॉल आपल्याकडच्या शाळेच्या हॉलसारखाच, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला चहाची खिडकी. लांब टेबलांवर स्वेटरच स्वेटर, आणि वीसेक बायका प्रत्येक स्वेटरला आतून मुलाच्या नावाची पट्टी शिवत होत्या. एका भांड्यात मसुराचं सूप उकळत होतं. आपल्या आमटीची सासुरवाशीण बहीण म्हणा, नुसतं मीठमिरी. पण थंडीत दोन वाट्या प्यायले.

मे लिनेओ स्टेजच्या पायरीवर बसल्या होत्या. ठेंगण्या, खांद्यावर जाड नक्षीदार ब्लँकेट पिनेने अडकवलेलं. जोनने स्वतःचं नाव सांगितल्याबरोबर त्या उठल्या आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले. "पलेसाची जोन," त्या म्हणाल्या.

जोनने टिश्यू पेपर उलगडला. "तुमची माफी मागायची आहे," ती म्हणाली. "या वर्षीचा धागा माझ्या हातून हरवला. मागच्या वर्षीच्याच मापावर दोन बोटं वाढवून विणलंय. अंदाजाने."

मे लिनेओंनी स्वेटर हातात घेतला, खांद्यापासून खांद्यापर्यंत वीत लावून बघितला आणि परत बसून तो मांडीवर ठेवला.

"तू धागा हरवला नाहीस," त्या हळूच म्हणाल्या. "मी स्वतः मोजला होता. दोनदा मोजला. तो तेवढाच आला."

जोनला कळायला वेळ लागला. मला जोनच्या आधी कळलं, आणि मला वाटलं आपण इथे नसतो तर बरं. मे लिनेओ सांगत होत्या. पलेसाला आईकडून मिळालेला आजार आहे. आश्रमातल्या बऱ्याच मुलांना आहे, त्यातूनच ती अनाथ झाली. औषधं आता डोंगरात यायला लागली आहेत, पलेसाला ती नशिबाने थट्टा करावी इतक्या उशिरा मिळाली. असं काही त्या म्हणाल्या नाहीत, हे शब्द माझे. त्या फक्त "उशिरा" म्हणाल्या. वर्षभरात ती वाढली नव्हती. मागच्या वर्षीचाच स्वेटर तिला अजून होतो.

"मग हा राहू दे, बाह्या दुमडून घालेल," कोणीतरी पट्ट्या शिवता शिवता म्हणालं. दुसरीने गोणीतला एक छोटा पिवळा स्वेटर शोधून देण्याची तयारी दाखवली. दोघींचंही चांगल्या मनाने होतं.

मे लिनेओंनी मान हलवली. "मुलांचा एक खेळ असतो. नवे स्वेटर आले की आधी घालत नाहीत. जुना जमिनीवर पसरतात, त्यावर नवा ठेवतात आणि बघतात, आपण केवढे वाढलो. सगळी ओरडत असतात. पलेसा सगळ्यात पुढे असते."

हॉलमध्ये बायकांचे हात थांबले होते. जोन त्या पिवळ्या स्वेटरकडे बघत होती. तो घातला तर त्या मुलीला कळणार होतं, आपण केवढं व्हायला हवं होतं. आणि मापाचा विणला, तर जुन्यावर ठेवल्यावर बोटभरही बाहेर येणार नव्हता. शनिवारी सकाळी कंटेनर लागणार होता. "उद्याचा दिवस आहे," जोन म्हणाली. तिने पर्समधून छोटी कात्री काढली, गळ्यापाशी एक टाका कापला आणि उसवायला सुरुवात केली.

त्या दिवशी मुक्काम शुभदाताईंकडे होता. त्या मूळच्या नागपूरच्या, ग्लासगोत डॉक्टर आहेत. माझ्या मावशीच्या मैत्रीण, एवढ्या ओळखीवर त्यांनी सांबारवडी तळून ठेवली होती. नागपूरकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे जोनला समजावताना आम्हा दोघींची बरीच दमछाक झाली. त्यांची तेरा वर्षांची ईशा माझ्या हातातली पिवळी लोकर बघून म्हणाली, "मावशी, हा जंपर कोणाची आहे? तुम्ही ब्रेक का केली?"

"दुरुस्त करतोय गं," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात मी शुभदाताईंना सगळं सांगितलं. त्यांनी गॅस बारीक केला. "औषधाने पोरं उभी राहतात आता, अगं, मी पाहिलीयत," त्या म्हणाल्या. "पण वर्षभर वाढ थांबलेली असेल तर… तू फार आशा धरू नकोस. तिला धरू दे." बाहेरच्या खोलीत जोन ईशाला सुलट टाका शिकवत होती.

शुक्रवारचा अख्खा दिवस हॉलमध्ये गेला. ग्लासगो बघायला जाल तर नदीकाठ बघा, मोठं म्युझियम फुकट आहे ते बघा. मी यातलं काही पाहिलं नाही. उसवलेली लोकर कुरळी होते, तिच्यावर नवं विणलं तर खडबडीत दिसतं. लहानपणी आई जुने स्वेटर उसवायची तेव्हा मी गुडघ्यांवर लडी धरून बसायचे. तसंच इथे दोन्ही हात पुढे करून बसले आणि एका बाईने चहाच्या केटलीची वाफ तिच्यावर फिरवली. लोकर सरळ झाली. मग वाटण्या झाल्या. एक बाही एकीकडे, दुसरी दुसरीकडे, पुढचा भाग जोनकडे. मला सुलट-उलटच्या पलीकडे काही येत नाही, म्हणून पाठीची खालची बॉर्डर मला मिळाली.

"छाती धाग्याइतकीच," जोनने सगळ्यांना सांगितलं. "बाह्या गाठीपर्यंतच. पण खालची बॉर्डर दोन बोटं लांब." तिने माझ्या विणकामावर आपली दोन बोटं आडवी ठेवून दाखवली. सांधे सुजलेली, वाकडी बोटं. "जुन्यावर ठेवला की एवढा खाली दिसला पाहिजे."

मे लिनेओ शेजारीच बसून ऐकत होत्या. त्या धार्मिक बाई, जेवणाआधी लांबलचक प्रार्थना म्हणणाऱ्या. मला वाटलं, या लबाडीला त्या हरकत घेतील. त्यांनी स्वतःची दोन बोटं जोनच्या बोटांना लावली आणि म्हणाल्या, "अजून एक ओळ घाल. माझी बोटं जाड आहेत."

चहाच्या वेळेपर्यंत तुकडे झाले, संध्याकाळी जोनने ते शिवले. माझी बॉर्डर एका बाजूला जरा ओढल्यासारखी झाली होती. मी ती उसवायला निघाले तर जोनने हातावर चापट मारली. शनिवारी पावसाच्या भुरभुरीत कंटेनर भरला. पिवळा स्वेटर सगळ्यात शेवटी, दाराजवळच्या गोणीत. दार लागल्यावर एका म्हाताऱ्या पाद्र्याने दोन शब्द म्हटले आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. काय मागायचं ते मला नेमकं माहीत होतं, कोणाकडे मागायचं हा प्रश्न त्या दिवशी पडला नाही.

परतीचा प्रवास एका दमात केला. रिकामी व्हॅन खूप आवाज करते आणि वाऱ्यात जास्तच हलते, तेवढं लक्षात ठेवा. जोन डोनकास्टरपर्यंत झोपली होती. पेट्रोल, मुक्काम आणि वाटेतला चहा धरून दोघींचा खर्च कुरिअरच्या निम्म्यात बसला, असं मी मंदारला अभिमानाने सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "तू रडलीस का गं?" मग चहा टाकला.

मे महिन्यात जोन कुंपणावरून रोज जहाजाबद्दल बोलायची. जून उजाडला तसं बोलणं कमी झालं. जुलैतल्या एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते. ती आली, आणि तिच्या हातात विणकाम नव्हतं.

"मे लिनेओचा फोन होता," ती म्हणाली. "पलेसा रविवारी गेली."

मी ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिले. आपल्याकडे अशा वेळी माणूस जाऊन शेजारी बसतं, पाठीवर हात ठेवतं. तिथे मध्ये कुंपण होतं. मी टॉवेल टाकला आणि वळसा घालून पुढच्या दाराने तिच्याकडे गेले.

"स्वेटर मिळाला होता?"

"मिळाला. मी तेच विचारलं आधी, काय बाई मी." तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. "तिला उठवत नव्हतं. तिने त्यांना जुना स्वेटर पलंगावर पसरायला लावला आणि त्यावर नवा. मग बोट लावून बघितलं. आणि खोलीतल्या सगळ्यांना सांगितलं, बघा, मी वाढले."

मी पाणी आणून तिच्यासमोर ठेवलं.

"घातला तिने. मापाला कसा झाला विचारलं, तर लिनेओने आधी विषय बदलला. मग म्हणाली, थोडा सैल झाला." जोन माझ्याकडे बघत म्हणाली, "सैल, विशाखा. धाग्याच्या मापाचा होता तो." आणि मग ती रडली. केनच्या अंत्यविधीलाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतरचे दोन रविवार जोन चॅपलला गेली नाही. "सध्या त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे," म्हणाली. तिसऱ्या रविवारी गेली. स्वेटर आता आश्रमातल्या एका लहान मुलीच्या अंगात आहे. तिकडे कोणाचेही कपडे ठेवून देणं परवडत नाही.

हे लिहायला मला वर्ष लागलं. ग्लासगो कसं आहे असं कोणी विचारलं तर मला वाफेवर सरळ होत जाणारी पिवळी लोकर आठवते, रस्त्यांची नावं आठवत नाहीत. प्रवास करावा का, असं विचाराल तर जरूर करा. बाऊजला थांबा.

या जानेवारीत पुन्हा धागे आले. यंदा एक माझ्या नावाने आहे, निळा. एका चार वर्षांच्या मुलाचा, इतका आखूड की पहिल्यांदा मला वाटलं अर्धाच आलाय. जोनने केनच्या शेडमधल्या खिळ्यावरून पलेसाचे धागे उतरवले नाहीत. शेजारी दुसरा खिळा ठोकून दिला आणि माझा धागा त्यावर टांगला. स्वेटर विणून झालाय, बॉर्डर सरळ आली आहे. मला त्या मुलाबद्दल फार काही माहीत नाही, आणि कोणाकडे मागायचं हे अजूनही ठरलेलं नाही. पण रोज मागते. पुढच्या वर्षीचा धागा याच्याशेजारी धरला की दोन बोटं लांब भरू दे.